‘आवाजाची खाण’ कुणी लिहिली?

विड्याच्या पानांच्या तिसऱ्या टोपलीत हात घातला आणि गुंडप्पा मुन्शीला कळलं, तळाशी कागद आहे. तेवीस वर्षं जकात नाक्यावर कारकुनी केलेल्या माणसाच्या बोटांना पान कुठलं आणि कागद कुठला हे सांगावं लागत नाही. असतील पंचांगं, असं म्हणत त्यानं एक पुस्तक वर ओढलं.

पिवळं कव्हर. सोलापूरची छपाई. वर ठसठशीत अक्षरांत ‘आवाजाची खाण’, त्याखाली ‘लेखक : प्रतिध्वनी’, आणि अगदी तळाला बारीक टायपात ‘आवृत्ती चौथी’.

चौथी! गुंडप्पाला पहिलीचाही पत्ता नव्हता. आणि प्रतिध्वनी म्हणजे दुसरं तिसरं कुणी नव्हतं, तो स्वतःच होता.

त्यानं पुस्तक परत पानांत दडवलं असतं. पण शेजारी शिपाई उभा होता, आणि एरवी दिवसभर पेंगणारा हा प्राणी नेमका अशा वेळी टक्क जागा असे. झालं. गुंडप्पानं बैठक मारली, टाक उचलला आणि नाक्याच्या वहीत सुरेख उर्दूत लिहिलं : मराठी किताबं, चाळीस नग, जप्त. आपलं पुस्तक आपणच पकडून देण्याचा मान आजवर आणखी कुणा लेखकाला मिळाला असेल, तर त्यानं खुशाल पुढं यावं.

हा नाका मादन हिप्परग्याच्या अलीकडं, सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेवर. १९४८ साल लागून महिना झाला होता. हद्दीपलीकडे स्वराज्य आलं होतं, अलीकडे निजामाचा अंमल होता, आणि पुढं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळं जो तो दुसऱ्याला भिऊन होता. गुंडप्पा तर आधीपासूनच भित्रा. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू अशा तिन्ही भाषांत त्याला उत्तम लिहिता येई आणि तिन्ही भाषांत गप्प बसता येई. म्हणूनच तर नोकरी इतकी वर्षं टिकली.

कादंबरी त्यानं लिहिली ती पंचविशीत, नाक्यावरच्या रिकाम्या दुपारी. एक तांबड्या दगडाचा डोंगर आहे. जमिनीत पाणी मुरावं तसे त्या दगडात माणसांचे आवाज मुरतात. नागव्वा नावाची पाथरवटाची बायको तांब्याच्या तारा आणि लोहाराचा भाता जोडून एक यंत्र करते आणि दगडात साठलेलं जुनं बोलणं बाहेर काढते. आता राजाचा महाल त्याच दगडाचा. मग काय विचारता! बंद दाराआड राजा काय काय बोलला ते साऱ्या रयतेला ऐकू यायला लागतं.

सोलापूरच्या एका मासिकात ती बारा हप्त्यांत आली तेव्हा वाचणारे म्हणाले, काहीच्या बाही. तेरावा महिना उजाडायच्या आत मासिकच बंद पडलं. गुंडप्पाला वाटलं, आपल्याच पायगुणानं. त्यानं त्यानंतर ओळ लिहिली नाही.

पण दहा-वीस माणसं त्या गोष्टीनं पार नादावली. राजेश्वर गावचा एक वाणी, चिंताकीचा एक पाटील, असे कुठले कुठले. छापील पुस्तक नव्हतंच, म्हणून हातानं उतरलेली वही फिरायची. नियम एकच : वही वाचायला नेली की त्यातलं सगळ्यात फाटकं प्रकरण नव्यानं उतरून काढायचं, वहीला शिवायचं आणि मग पुढच्याला द्यायची. एकदा ती वही फिरत फिरत खुद्द गुंडप्पाच्या हाती आली होती. त्यानंही मुकाट्यानं तिसरं प्रकरण उतरून दिलं आणि देणाऱ्याला ‘बरी हाय’ म्हणाला. त्या रात्री आनंदानं त्याला जेवण गेलं नव्हतं, हे फक्त बायकोला माहीत.

आणि आता दिवस असे फिरले होते की गोष्ट तीच, पण लोकांचे कान बदलले. कुणा छापखानेवाल्यानं जुन्या मासिकातून ती उचलून छापली, आणि गिरणीवर, न्हाव्याच्या दुकानात, बाजाराच्या झाडाखाली ती मोठ्यानं वाचली जाऊ लागली. लोकांनी एक खेळ काढला. ठाण्यावरून जाताना कंपाउंडच्या भिंतीला कान लावायचा, ‘ऐकू आलं, ऐकू आलं’ म्हणायचं आणि हसत चालू लागायचं. म्हाताऱ्या बायकासुद्धा डोक्यावरची पाटी सावरत भिंतीला कान लावून जायला लागल्या. सरकारला बंदूक समजते, घोषणा समजते. भिंतीला लावलेल्या कानाचं काय करायचं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

पुस्तकं जप्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचे अमीनसाहेब नाक्यावर आले. अमीन म्हणजे फौजदार. हैदराबाद शहरातला, पन्नाशीचा, दमेकरी माणूस. त्याच्यामागून दोन शिपायांनी एका तरण्या पोराला बेड्या घालून आणलं. गुंडप्पानं ओळखलं, हा सोमशेखर, हिप्परग्याच्या शाळेचा मास्तर. त्याचा खालचा ओठ फुटला होता.

अमीननं टेबलावर एक जाडजूड वही टाकली. तीच ती. शिवून शिवून फुगलेली.

“मुन्शीजी, ही याच्या घरी सापडली,” अमीन उर्दूत म्हणाला. “मला मराठी अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. सात वेगवेगळ्या हातांनी लिहिलंय. सात जणांची टोळी आहे. हा त्यांचा म्होरक्या, म्हणजेच तो प्रतिध्वनी. कबूल करत नाही.”

सातांतला एक हात गुंडप्पाचा होता. त्यानं तो नकळत टेबलाखाली घेतला.

“वरून हुकूम आलाय,” अमीन पुढं म्हणाला. “पुस्तकात काय आहे त्याचा उर्दू खुलासा पाठवायचा. तिन्ही भाषा येणारे इथं तुम्हीच. तुम्ही वाचून तोंडी सांगा, मी ऐकतो, मग पानाचा नंबर टाकून लिहून काढा. शुक्रवारी चार वाजता मोटार येईल. खुलासा आणि हा पोरगा, दोन्ही गुलबर्ग्याला जातील.”

त्या दिवसांत गुलबर्ग्याला धाडलेला माणूस गुलबर्ग्याला पोचेलच असं नव्हतं. वाटेत कोण कुणाला उतरवून घेई, पुढं त्याचं काय होई, कुणी विचारत नसे. सोमशेखरलाही ते माहीत असावं. तो जमिनीकडं बघत राहिला. त्याला नाक्याच्या माल ठेवायच्या कोठीत, जप्त पानांच्या टोपल्यांशेजारी कोंडलं.

गुंडप्पानं घरी जाऊन सगळं सांगितलं. सिद्धव्वेनं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. वीस वर्षांत तिनं हे गुपित शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं.

“त्या पोरानं काय वाईट केलंय आपलं?” ती म्हणाली. “मास्तरीन परवाच आली हुती हळदीकुंकवाला. पोटुशी हाय ती.”

“मी तरी काय करू? कबूल झालो तर माझी गत तीच.”

“कबूल कामून व्हायलाव? अक्कल चालवा की. गोष्ट अशी सांगा, का ऐकणाऱ्याला झोप यावी. नाक्याची यादी लिवताव न्हवं, तशी. साहेब म्हणंल, यात काईच न्हाई, सोडा पोराला.”

गुंडप्पाला पटलं. बायकोचं म्हणणं त्याला नेहमीच पटे, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असे.

बुधवारी त्यानं गोष्ट सांगायला घेतली. कोठीच्या दाराशी शिपाई, दार उघडं, आत बेडी घातलेला सोमशेखर. अमीन खुर्चीत. गुंडप्पानं पुस्तक उघडलं आणि आपल्याच लेकराचा गळा दाबायला सुरुवात केली. नागव्वेचं बोलणं काढून टाकलं. यंत्राची तपशीलवार मापं मात्र ठेवली. राजाचे टोमणे गेले, त्याच्या महालाच्या खोल्यांची यादी आली. ज्या ठिकाणी त्यानं पंचविशीत रडत रडत लिहिलं होतं, ते त्यानं ‘नंतर पाऊस पडला’ एवढ्यावर उरकलं.

अमीन तासाभरात दोनदा जांभया देऊन तिसऱ्यांदा डुलला. गुंडप्पाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात अमीन ताठ बसला. “मुन्शीजी, ये क्या है? असल्या भिकार गोष्टीसाठी सारा जिल्हा वेडा झालाय? शक्य नाही. यात काहीतरी सांकेतिक आहे. खोल्यांची यादी म्हणजे शस्त्रांच्या जागा असणार. आता तर या पोराला गुलबर्ग्याला चांगलंच खोदून विचारायला लागेल.”

अमीन दुपारच्या नमाजासाठी बाहेर गेला. शिपाई विडी ओढायला गेला. कोठीतून दबक्या आवाजात सोमशेखर बोलला, आणि त्याच्या आवाजात भीती नव्हती, संताप होता.

“मुन्शी अण्णा, लाज कशी वाटंना तुमाला? मी उर्दू समजतो. राजाचं ते वाक्य कुठं हाय? ‘माझ्या भिंतींनी माझं ऐकावं, बोलू नये’ ते? खाल्लासा तुमी! नागव्वा यंत्राला पैला कान लावती, ते पान तर पूरं गिळलाव. मी मरायलोय त्याचं काई न्हाई. पण एवढं सोन्यासारखं लिवलेलं मातीत घालायलाव, हे बघवंना.”

“हळू बोल, बाबा.”

“सरकारी मानूस तुमी. पावत्या लिवणारा. त्या लिवणाऱ्याचं काळीज तुमाला काय कळावं?”

इतक्या वर्षांत गुंडप्पाच्या लिखाणाबद्दल तोंडावर बोललेला हा पहिला माणूस, आणि तो शिव्या देत होता. त्याचे डोळे भरून आले. वाईटही वाटत होतं आणि लाज वाटावी इतकं बरंही वाटत होतं.

घरी जाताना तो विचार करत होता. रटाळ सांगून पोरगा सुटत नाही, उलट अडकतो. मग चांगलं सांगितलं तर? अमीनला कळेल की ही नुसती गोष्ट आहे, मन रमवायची, आणि म्हणून लोक वेडे झालेत. असा त्यानं हिशेब मांडला. खरं सांगायचं तर हिशेब निमित्ताला होता. त्याला ती गोष्ट एकदा, फक्त एकदाच, कुणासमोर तरी आपल्या तोंडानं सांगायची होती. सिद्धव्वेला त्यानं हे सांगितलं नाही. तिनं ओळखलं असावं. जेवताना ती एवढंच म्हणाली, “भान ठिवून बोला.”

गुरुवारी त्यानं पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली, “कल नींद पूरी नहीं हुई थी हुजूर, माफी,” असं म्हणून. आणि मग तो सांगत सुटला. अशी उर्दू त्या नाक्यावर कधी ऐकू आली नव्हती. यादी वाचणारी ती जीभ आज काही निराळीच होती. राजा बंद दाराआड आपल्या दिवाणाला ‘रयत म्हणजे उशी, रोज उलटी करून झोपावं’ असं सांगतो, तिथं अमीन खो खो हसला आणि लगेच दाराकडं बघून गप्प झाला. बहुतेक त्याला आपला कुणी वरिष्ठ आठवला असावा. चहा आला तो तसाच गार झाला. उन्हं कलली तेव्हा अमीनच म्हणाला, “और एक बाब, मुन्शीजी. बस एक.” बाब म्हणजे प्रकरण.

“वाह,” असं तो चारदा म्हणाला. गुंडप्पानं मोजलं होतं.

कोठीत सोमशेखर गुडघ्याला मिठी मारून ऐकत होता. मधे एकदा गुंडप्पाची आणि त्याची नजरानजर झाली, तेव्हा त्यानं मान डोलावली. जमतंय, असं.

शुक्रवार उजाडला. मोटार चारला येणार होती. सकाळी येताच अमीन म्हणाला, “मी रात्री विचार केला. ही दास्तान आहे, बंडाचा कागद नव्हे. मी खुलाशात तसं लिहीन. पण वरचे ऐकणार नाहीत. त्यांना माणूस हवाय. प्रतिध्वनी हवाय. तो मिळाल्याशिवाय मी कुणालाही सोडू शकत नाही. चला, पुढं सांगा.”

म्हणजे सगळा खटाटोप पाण्यात. गुंडप्पानं पुस्तक उघडलं. नववं प्रकरण. राजा घाबरलाय, सारी रयत डोंगराशी जमलीय, आता यंत्रातून राजाचं सगळ्यात काळं गुपित बाहेर पडणार. आणि नेमकी तेव्हा नागव्वा स्वतःच कुऱ्हाड घेऊन यंत्र फोडते. का फोडते? छापील पुस्तकात त्याचं उत्तर नाही. प्रकरण तिथंच तुटतं, आणि दहाव्यात नागव्वा शांतपणे पाणी भरताना दिसते. वही फिरवणाऱ्या त्या दहा-वीस माणसांनी याच एका गोष्टीवर आयुष्यभर वाद घातला होता. कुणी म्हणे राजाला सामील झाली, कुणी म्हणे तिला वेड लागलं.

उत्तर गुंडप्पानं लिहिलं होतं. पुरती तीन पानं. पण त्या महिन्यात मासिकाच्या संपादकाला दंतमंजनाची मोठी जाहिरात मिळाली आणि ती तीन पानं तिच्या जागेसाठी कापली गेली. बाड परत आलंच नाही.

आज तो त्या जागी येऊन थांबला. थांबायलाच हवं होतं. पण अमीन पुढं वाकला होता, त्याच्या छातीतली घरघरसुद्धा बंद पडली होती.

“क्यूँ?” तो कुजबुजला. “मुन्शीजी, क्यूँ तोड़ा उसने?”

आणि गुंडप्पाचं भान सुटलं. त्यानं सांगितलं. दगडातून राजाचा आवाज येण्याआधी एक बाई बोलली. नवऱ्याला घालूनपाडून बोलणारी, ‘जा, मर त्या खाणीत, परत येऊ नको’ असं म्हणणारी. ज्या दिवशी नागव्वेचा नवरा खाणीत गाडला गेला, त्या दिवशी सकाळची ती नागव्वाच होती. साऱ्या गावानं ऐकलं. राजाचं ऐकायला निघालेल्या गावाला आधी तिचंच ऐकू आलं. मग दुसरा आवाज निघाला, मग तिसरा. ज्याचा त्याचा, घराघरातला. लोक कान झाकून पळायला लागले. आणि नागव्वा उठली.

पाव तास तरी तो बोलत होता. संपल्यावर कोठीतून एक हुंदका ऐकू आला. सोमशेखर रडत होता, आणि रडता रडता त्याच्या तोंडावर असं काही उजळलं होतं की बघवत नव्हतं. त्याला उत्तर मिळालं होतं.

अमीननं डोळे पुसले. खिशातून लाल पेन्सिल काढली. “मुन्शीजी, या जागी मला खूण करायची आहे. माझ्याकरता. सफा नंबर?”

गुंडप्पाच्या हातात पुस्तक होतं. पान बावन्न. पानावर अर्धा मजकूर आणि खाली नुसता पांढरा कागद. त्यानं तो अंगठ्यानं झाकला.

“सफा नंबर, मुन्शीजी?”

“बावन्न, साहेब!” कोठीतून सोमशेखर ओरडला. “बावन्नच हाय. मी दाखवतो.”

अमीननं गुंडप्पाच्या हातातून पुस्तक घेतलं, उठून कोठीपर्यंत गेला आणि ते उघडून त्याच्यापुढं धरलं. सोमशेखरनं बेडीतली बोटं पानावर टेकली आणि मोठ्यानं वाचायला लागला. मराठीत. आत्ताच उर्दूत ऐकलेलं, जसंच्या तसं, उलटं मराठीत घडवत. बोट अर्ध्या पानावरून पुन्हा पुन्हा वर जात होतं. अमीनला मराठी अक्षर येत नव्हतं, पण बोट कळत होतं.

“एकाच ओळीवरून तुझं बोट चार वेळा गेलं,” तो शांतपणे म्हणाला. “हे पुस्तकात नाही. मग मुन्शीजींना कुठून कळलं?”

सोमशेखरनं गुंडप्पाकडं पाहिलं. त्या बघण्यात सगळं होतं. पावत्या लिहिणारा, सरकारी माणूस, म्हणून ज्याला शिव्या घातल्या तो कोण आहे, हे त्याला समजलं होतं. मग त्यानं मान अमीनकडं वळवली.

“मी सांगितलं त्यांना. परवा दुपारी, तुमी नमाजाला गेल्यावर. ते पान छापायचं ऱ्हायलं हुतं. मीच लिवलंय, साहेब. मीच प्रतिध्वनी. आता कबूल करतो.”

इतके दिवस मार खाऊनही पोरगा नाही म्हणत होता, आणि आता, खरा माणूस समोर दिसल्यावर, तो हो म्हणत होता.

अमीननं विचारलं, “मुन्शीजी, सच है?”

काही करायचं नव्हतं. फक्त होकाराची मान हलवायची होती. घर होतं, सिद्धव्वा होती, दोन वर्षांवर आलेली पेन्शन होती. गुंडप्पानं मान हलवली. हे लिहितानासुद्धा वाईट वाटतं, पण त्यानं हलवली.

“तर मग जबाब लिहा,” अमीन म्हणाला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. तीन वाजून गेले होते.

गुंडप्पानं कोरा कागद पुढं ओढला. हजारो जबाब त्यानं लिहिले होते. नाम, वल्दियत म्हणजे बापाचं नाव, उमर, पेशा, सकूनत म्हणजे राहायचं ठिकाण. हात आपोआप चालायचा. शीर्षकात लिहिलं : ‘आवाजाची खाण या किताबाच्या मुसन्निफाचा जबाब.’ उर्दूत लेखकाला मुसन्निफ म्हणतात. मग ‘नाम’पुढं टाक टेकवला. सोमशेखरचं नाव लिहायला ‘सीन’ काढायचा होता. सोपं अक्षर, तीन दात आणि एक वळण.

टाक हलेना.

भीती गेली नव्हती. पण त्या पुस्तकाच्या लेखकाच्या जागी दुसऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं घालायचं, आणि त्या दुसऱ्यानं त्यासाठी मरायचं, यातलं नेमकं काय त्याला जास्त सोसलं नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि झरझर लिहिलं. वाळू टाकली, झटकली आणि कागद पुढं केला.

अमीन मोठ्यानं वाचू लागला. “नाम, गुंडप्पा. वल्द मल्लप्पा. उमर अठ्ठेचाळीस.” तो थांबला. त्यानं पुढची ओळ मनात वाचली, मग पुन्हा मोठ्यानं वाचली. “पेशा, मुसन्निफ.”

“न्हाई साहेब!” सोमशेखर बेड्या खणखणवत उठला. “खोटं हाय! अण्णा, कामून? कामून असं करायलाव?”

अमीननं कागद परत टेबलावर ठेवला. “मुन्शीजी,” तो म्हणाला, “तेवीस वर्षांत तुमच्या कागदात चूक निघाली नाही. ही एक फाडून टाकली तर मी काही पाहिलं नाही असं समजेन.”

“चूक नाही, हुजूर,” गुंडप्पा म्हणाला. आवाज फाटला, पण शब्द पुरा बाहेर आला. “सही कुठं करू?”

त्यानं सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या पुस्तकाचं नाव आणि त्याचं नाव एका कागदावर आलं होतं. अमीननं शिपायाला खूण केली. सोमशेखरच्या बेड्या निघाल्या आणि गुंडप्पाच्या हातात चढल्या. त्या अजून गरम होत्या. शिपायाला सिद्धव्वेकडं निरोप द्यायला पाठवलं, मुन्शीचं धोतर आणि घोंगडी घेऊन ये म्हणून. गुंडप्पाला वाटलं, ती आता आपल्याला काय बोलेल. मग वाटलं, ती काही बोलणार नाही, आणि ते जास्त जड जाईल.

अमीननं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मोटारीला पाऊण तास होता. त्यानं सोमशेखरला सांगितलं, “तू जा घरी. बायको वाट बघत असेल.” मग खुर्ची ओढून तो पुन्हा गुंडप्पासमोर बसला.

“अजून तीन बाब राहिलेत,” अमीन म्हणाला. “पुढं काय होतं?”

गुंडप्पानं पुस्तक उघडलं नाही. बेडीतले हात मांडीवर ठेवले, घसा साफ केला आणि दहाव्या प्रकरणाला सुरुवात केली. सोमशेखर सुटला होता, समोर सडक मोकळी होती. तो दारापर्यंत गेला, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून ऐकू लागला.